‘येऊ द्या, येऊ द्या’पासून ‘टीं टीं टीं’पर्यंत

स्मरणिका समितीने विषय वाटले तेव्हा पाण्याच्या टाकीचा इतिहास एकाने घेतला, कन्व्हेयन्स डीडची लढाई दुसऱ्याने घेतली आणि गणेशोत्सवाच्या पंचवीस वर्षांवर तर तिघांनी हक्क सांगितला. माझ्या वाट्याला उरलं पार्किंग. “तुम्ही अकरा वर्षं पार्किंग समितीत काढलीत, तुम्हीच लिहा,” असं अध्यक्ष म्हणाले आणि विषय संपला.

पार्किंगचा इतिहास म्हणजे भांडणांचा इतिहास, हे आपण सगळेच जाणतो. ती भांडणं मी इथे उकरून काढणार नाही. उद्या सकाळी लिफ्टमध्ये एकमेकांची तोंडं बघायची आहेत. मी लिहिणार आहे ते गाडीच्या मागच्या दोन मीटर जागेबद्दल. रिव्हर्स टाकला की आपण ज्या जागेत शिरतो आणि जी आपल्याला धड दिसत नाही, ती जागा. गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या आवारात पुष्कळ काही बदललं, पण त्या दोन मीटरांत जेवढं बदललं तेवढं क्वचितच कुठे बदललं असेल.

नऊ गाड्यांचे दिवस

२००० साली सोसायटीची नोंदणी झाली तेव्हा फ्लॅट ४८, स्टिल्टमध्ये गाड्यांच्या खुणा २२ आणि प्रत्यक्ष गाड्या ९. पाच मारुती ८००, दोन प्रीमियर पद्मिनी, एक ओम्नी आणि एक सुमो. बाकी सगळ्या स्कूटरी आणि मोटरसायकली. आपली एक खूण पाच मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद. मारुती ८०० ची लांबी ३.३३ मीटरच्या आसपास. म्हणजे गाडी लावून मागे दीड मीटरहून जास्त जागा उरायची. तिथे कुणी स्कूटर लावायचं, कुणी मुलांची तीनचाकी ठेवायचं, दिवाळीत तिथेच किल्ला व्हायचा.

त्या काळी गाडी मागे घ्यायची पद्धत एकच. डावा हात शेजारच्या सीटच्या पाठीवर, मान पूर्ण मागे आणि कान वॉचमनमामांकडे. मामा मागे उभे राहायचे आणि सुरू करायचे, “येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... थोडं डावीकडं मारा... येऊ द्या... बास!” ‘बास’ बरोबर डिकीवर दोन थापा. ही विद्या त्यांनी कुठल्या पुस्तकातून शिकली नव्हती. एसटीच्या स्टँडवर गाडी मागे घेताना कंडक्टर खाली उतरून शिटी वाजवतो, पत्र्यावर थाप मारतो, ते पाहतच आपली पिढी वाढली. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. एवढी लांब बस मागे घेताना ड्रायव्हरच्या आरशात काय दिसतं यापेक्षा मागच्या माणसाला काय दिसतं यावर भिस्त, हा तिथला रिवाज आपल्या सोसायटीतही आला.

त्या नऊ गाड्यांत त्रास होता तो सुमोचा. तिची स्टेपनी मागच्या दारावर लटकलेली. मालकाच्या अंदाजाने गाडी भिंतीपासून वीतभर लांब असायची आणि स्टेपनी तोवर भिंतीला भिडलेली असायची. ए विंगच्या खांबाजवळचा गिलावा दोनदा करून घेतल्याची नोंद जुन्या खर्चवहीत सापडते. जाता जाता सांगतो, ‘स्टेपनी’ हा शब्द आपल्याला इतका आपला वाटतो, पण तो आला वेल्समधल्या लॅनेथ्ली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून. तिथल्या डेव्हिस नावाच्या भावांनी १९०४ च्या सुमारास जादा चाक विकायला सुरुवात केली. गाडीच्या अंगावर जास्तीचं काही टांगायची सवय शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि त्याचा हिशेब मागे घेताना विसरायची सवयही तितकीच जुनी असावी.

गाणाऱ्या गाड्या

पुढे आल्या गाणाऱ्या गाड्या. रिव्हर्स टाकला की वाढदिवसाच्या कार्डात वाजते तशी एक धून वाजायची. कुणाची देशभक्तीपर, कुणाची भजनाची. बी विंगमध्ये एक गाडी तर ऐन आषाढात ख्रिसमसच्या गाण्याची चाल लावून मागे यायची. पहिल्या मजल्यावरच्यांची झोप उडायची. रात्री दहानंतर धून बंद ठेवावी, असा ठराव २००६ च्या वार्षिक सभेत झाला.

मागे येणाऱ्या गाडीने आवाज करावा ही कल्पना जपानची. यामागुची नावाच्या एका विद्युत कंपनीने १९६३ साली असा इशारा देणारं यंत्र बाजारात आणलं आणि ट्रक, क्रेन, बुलडोझर यांच्या मागे ते बसू लागलं. हा आवाज कुणासाठी होता, हे नीट ध्यानात घ्या. तो मागच्या माणसासाठी होता. ‘मी येतोय, तू बाजूला हो’ एवढंच तो सांगायचा. ऐकणारा बहिरा असला, अडीच वर्षांचा असला किंवा धून रोजची म्हणून कानाआड करणारा असला, तर त्या आवाजाचा उपयोग शून्य.

वटवाघळाची विद्या

नंतर जे आलं ते उलट्या दिशेचं होतं. सेन्सर बोलतो तो ड्रायव्हरशी. मागच्या माणसाला त्यातलं काही ऐकूच येत नाही.

याची गोष्ट मोठी गमतीची आहे. इटलीतल्या स्पालान्झानी या शास्त्रज्ञाने १७९३ मध्ये पाहिलं की मिट्ट काळोखात घुबड धडपडतं, पण वटवाघूळ व्यवस्थित उडतं, अगदी त्याचे डोळे गेले तरी. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या ज्युरीनने वटवाघळाचे कान बंद करून पाहिले तेव्हा ते आपटू लागलं. म्हणजे ते कानाने बघतं! यावर दीडशे वर्षं कुणाचा फारसा विश्वास बसला नाही. १९४० च्या आसपास अमेरिकेत ग्रिफिन आणि गॅलाम्बोस यांनी दाखवून दिलं की वटवाघूळ आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतं आणि त्याचा प्रतिध्वनी टिपतं.

असा आवाज काढायचा कसा, याची किल्ली त्याआधीच सापडली होती. १८८० साली पिएर क्यूरी आणि त्यांचे थोरले बंधू जाक यांना दिसलं की क्वार्ट्झसारखे स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज तयार होते. उलट त्यांना वीज दिली की ते थरथरतात. पहिल्या महायुद्धात लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने हीच युक्ती पाण्यात वापरून पाणबुड्या शोधण्याचे प्रयोग केले. ते झालं सोनार.

पाणबुडीवरून ही विद्या मोटारीकडे आली, पण वाटेत एक सुंदर वळण घेऊन. १९७० च्या दशकात इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात टोनी हेज हे अंध माणसांना रस्त्यावर वावरता यावं यासाठी ध्वनीवर चालणाऱ्या साधनाचं काम करत होते. त्याच कामातून गाडी मागे घेण्याचं साधन त्यांना सुचलं आणि १९८३ मध्ये त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. इकडे जपानमध्ये टोयोटाने १९८२ च्या कोरोना मोटारीत ‘बॅक सोनार’ या नावाने अशीच सोय दिली होती. अंध माणसाला वाट दिसावी म्हणून केलेला विचार डोळस माणसाच्या पाठीमागे जाऊन बसला. गाडी मागे घेताना आपण सगळेच थोडेबहुत अंध असतो, हे त्यात आलंच.

काम अगदी साधं आहे. मागच्या बंपरवर रुपयाएवढ्या चार टिकल्या दिसतात ना, त्या सेकंदाला साधारण ४० हजार कंपनांचा आवाज सोडतात. माणसाचा कान २० हजारांच्या पुढचं ऐकत नाही. तो आवाज समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो. वस्तू मीटरभर लांब असेल तर जाऊन येऊन सेकंदाचे सहा हजारांश भाग लागतात. तेवढ्यावरून अंतर निघतं आणि ‘टीं... टीं... टीं टीं टीं’ सुरू होतं. वस्तू फूटभरावर आली की बहुतेक गाड्यांत सलग ‘टींईईई’.

आपल्याकडे हे २००८ मध्ये आलं. एका सभासदाने दुकानातून बंपरला चार भोकं पाडून सेट बसवून घेतला तेव्हा तो पाहायला रविवारी पंधरा माणसं जमली होती. मामांनी बंपरपुढे हात धरला, काढला, परत धरला आणि म्हणाले, “हे बरं आहे साहेब. पण हे ‘कोण आहे’ ते सांगत नाही, फक्त ‘आहे’ म्हणतं.” त्या वेळी आम्ही हसलो.

मग सरकारचा नियम आला. १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या प्रत्येक नव्या कारला मागचा पार्किंग सेन्सर सक्तीचा झाला. त्याच्याबरोबर चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण आणि वेगाचा इशाराही आला. दरम्यान गाड्याही वाढल्या होत्या, संख्येनेही आणि अंगानेही. आज आवारात ३९ गाड्या आहेत. त्यातल्या काही साडेचार मीटरच्या पुढच्या. पाच मीटरच्या खुणेत मागे उरते हातभर जागा. किल्ला केव्हाच गच्चीवर गेला.

मागे टांगलेली सायकल

पुणं हे एकेकाळी सायकलींचं शहर होतं हे नव्या मुलांना सांगावं लागतं. पण २०२० च्या लॉकडाऊननंतर सायकल परत आली, जरा वेगळ्या रूपात. आता ती मंडईत जात नाही, रविवारी पहाटे गाडीच्या पाठीवर बसून खडकवासल्याकडे किंवा ताम्हिणीकडे जाते आणि तिथे उतरून चालवली जाते. आपल्या सोसायटीत गाडीच्या मागे पट्ट्यांनी बांधायचं पहिलं सायकल कॅरिअर २०१७ मध्ये दिसलं. २०२२ पर्यंत अशी सहा झाली. मला स्वतःला या मंडळींचं कौतुकच आहे. पहाटे पाचला उठणारी तरुण मुलं कुठे मिळतात?

पण सेन्सरचं आणि कॅरिअरचं जमत नाही. कारण सेन्सर अंतर मोजतो ते बंपरपासून. आपण मागे काय टांगलंय याचा त्याला पत्ता नसतो. कॅरिअर किंवा सायकलचं चाक सेन्सरच्या टप्प्यात खाली आलं, तर त्याच्या लेखी ते अडथळाच. रिव्हर्स टाकल्याक्षणी ‘टींईईई’ सुरू, मागे मोकळं मैदान असलं तरी. सायकली उंचावर बांधल्या असतील तर उलटं. सेन्सर सांगतो, अजून दोन फूट जागा आहे, आणि पेडल शेजारच्या गाडीच्या बॉनेटवर टेकलेलं असतं. आपल्या सुमोच्या स्टेपनीचं दुखणं ते हेच.

युरोपात गाडीमागे ट्रेलर ओढायची पद्धत जुनी. तिथे ओढायच्या हुकाशेजारी ट्रेलरच्या दिव्यांसाठी विजेचं सॉकेट असतं. ट्रेलरची किंवा हुकावर बसणाऱ्या कॅरिअरची पिन त्यात घातली की अनेक गाड्या ओळखतात आणि मागचे सेन्सर आपणहून बंद करतात. म्हणजे तिथेही शेवटी सेन्सर बंदच होतो, बटण माणसाऐवजी गाडी दाबते इतकंच. आपल्याकडच्या पट्ट्यांच्या कॅरिअरला ना पिन ना वायर. त्यामुळे बटण आपणच दाबायचं. एकदा दाबायची सवय लागली की मग ते बोट विचार करत नाही. भरीला दोन सायकली उभ्या बांधल्या की मागची काच झाकली जाते, कॅमेऱ्यापुढे चाक येतं, नंबर प्लेट आणि दिवेही अर्धे झाकतात. सेन्सर मुका, कॅमेरा आंधळा, आरशात नुसत्या तारा. पन्नास वर्षांच्या साऱ्या सोयी एका कॅरिअरने पुसल्या जातात आणि ड्रायव्हर पद्मिनीच्या काळात जातो, फरक एवढाच की डिकीमागे मामा उभे नसतात.

नवरात्रातला रविवार

हे सगळं मी एरवी लिहिलंही नसतं. पण २०२२ च्या नवरात्रातल्या रविवारी, पहाटे साडेपाचला, एक गाडी दोन सायकली बांधून खुणेतून मागे निघाली. ए विंगच्या कोपऱ्यावर आपला प्राजक्त आहे. आजींना देवीच्या पूजेला फुलं हवी असतात आणि ती उजाडायच्या आत वेचावी लागतात. त्या खाली बसून वेचत होत्या. वय ७८, अंगात करड्या रंगाचा स्वेटर, कानाला कमी ऐकू येतं. इलेक्ट्रिक गाडी, आवाज जवळपास नाहीच. सेन्सर बंद केलेला.

मामा गेटजवळ पाणी भरत होते. त्यांनी बादली टाकली, धावत आले आणि हातातली काठी गाडीच्या टपावर हाणली. गाडी थांबली. सायकलचं चाक आणि आजींचं डोकं यांत किती अंतर राहिलं होतं ते मी लिहित नाही. परडी उपडी झाली, फुलं सांडली, एवढंच नुकसान. गाडीच्या टपावर पोचा आला. मालकाने तो आजतागायत काढलेला नाही, विचारलं तर म्हणतो, “राहू दे काका, आठवण राहते.”

कुणाची चूक, हा प्रश्न मी तेव्हाही विचारला नाही. सेन्सर चालू असता तर तो वाजलाच असता, पण तो तर कॅरिअरमुळे गेटपर्यंत वाजतच राहिला असता. सतत वाजणाऱ्या आणि मुळीच न वाजणाऱ्या सेन्सरमध्ये ऐकणाऱ्याच्या दृष्टीने काही फरक नाही. मामांचं २००८ चं वाक्य मला तेव्हा कळलं.

दूरच्या एका घरातून आलेला कायदा

विशेष सभेची तयारी करताना आमच्या समितीतल्या एका ताईंनी अमेरिकेतली माहिती काढून आणली. २००२ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर कॅमरन गलब्रॅन्सन नावाचा दोन वर्षांचा मुलगा स्वतःच्याच घरापुढे गाडीखाली आला. गाडी मागे घेत होते त्याचे वडील, आणि ते मुलांचे डॉक्टर. या माणसाने ते दुःख घरात ठेवलं नाही, इतर पालकांबरोबर कायद्यासाठी झगडला. २००८ मध्ये मुलाच्या नावाने कायदा झाला, २०१४ मध्ये नियम ठरला आणि १ मे २०१८ पासून तिथल्या प्रत्येक नव्या कारला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. सेन्सरवर त्यांनी भागवलं नाही, कारण लहान मुलं ओळखण्यात सेन्सर भरवशाचे नाहीत असं तिथल्या चाचण्यांत दिसलं होतं. तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याच्या आकडेवारीप्रमाणे गाडी मागे घेताना वर्षाला सरासरी २१० माणसं दगावत होती. त्यांतली ३१ टक्के पाच वर्षांखालची मुलं आणि २६ टक्के सत्तरीच्या पुढची माणसं.

हे सभेत वाचून दाखवलं तेव्हा हॉलमध्ये शांतता झाली. आपल्या आवारात दिवसभर असतं कोण? बाकीचे कामावर जातात. उरतात ती पाच वर्षांखालची मुलं आणि सत्तरीच्या पुढची माणसं.

ठराव

तरी वाद झालाच. एक म्हणाले, कॅरिअरवर सरसकट बंदी घाला. सायकलवाल्यांतला एक मुलगा उठून म्हणाला, “काका, सायकल चालवणं हा काय गुन्हा आहे का?” दोघांचंही चुकत नव्हतं. शेवटी आजींनीच हात वर केला. “त्यांच्या सायकली बंद करू नका आणि माझी फुलं पण बंद करू नका,” असं म्हणून त्या खाली बसल्या. मग ठराव व्हायला दहा मिनिटं लागली.

एक, कॅरिअर असणाऱ्यांनी रात्रीच सायकली नसताना गाडी उलटी लावायची, म्हणजे सकाळी ती तोंडाने बाहेर निघते. दोन, सायकली खुणेत बांधायच्या नाहीत, गेटजवळच्या मोकळ्या जागेत बांधायच्या. तीन, बांधलेल्या सायकलींसह मागे घ्यायची वेळ आलीच तर एक माणूस खाली उतरून मागे उभा राहील. चार, प्राजक्ताभोवती पिवळा पट्टा मारायचा. बटण बंद करू नका असा ठराव आम्ही मुद्दाम केला नाही. जो पाळला जाणार नाही तो नियम कागदावर ठेवून काय उपयोग?

तेव्हापासून आवारात अशी वेळ पुन्हा आलेली नाही. पण एक गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण स्मरणिका ही शेवटी नोंदवहीच असते. मामा २०२३ मध्ये निवृत्त होऊन गावी गेले. आपण त्यांना शाल, श्रीफळ आणि पाकीट दिलं. आता एजन्सीची मुलं येतात, तीन-तीन महिन्यांनी बदलतात. गेट उघडणं, रजिस्टर भरणं ही त्यांची कामं करारात लिहिलेली आहेत. गाडीमागे उभं राहणं लिहिलेलं नाही. पुढचा करार होईल तेव्हा ती ओळ घालून घ्यावी अशी मी नव्या समितीला विनंती करतो, आणि त्या कामाचे चार पैसे जास्त द्यावेत अशीही.

तोवर ते काम आपल्यालाच करायचं आहे. कुणाची गाडी मागे येताना दिसली तर दोन मिनिटं थांबा, हात दाखवा, आवाज द्या. लहान मुलांना शिकवा की मागचा पांढरा दिवा लागला की बाजूला व्हायचं. आणि मागे काही टांगलं असेल तर एकदा खाली उतरून मागे जाऊन बघा. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत पार्किंगवर लिहिणाऱ्याला या विषयावर लिहायला काही सापडू नये, एवढीच इच्छा.